अवसेची मोजणी

कल्याण मागे टाकून एसटी खाडीच्या पुलावर आली, तेव्हा मांडीवरची पिशवी मी घट्ट धरून बसले होते. पिशवीत पत्रकाचं प्रूफ होतं. मथळा मीच दिला होता: ‘खाडीचा खून’. कल्याणच्या छापखान्यात खिळे जुळवून तयार होते. भिवंडीहून सुनंदाचे आकडे आणले की छपाई सुरू.

साताऱ्याला आमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग पत्रक. त्यामुळे अशा कामाला निघताना मला कधी संकोच वाटला नाही.

सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. संख्याशास्त्र शिकून, बँकेतली नोकरी नाकारून ती पक्षी मोजायला लागली. कोन गावाजवळच्या खाडीत हिवाळ्यात उतरणारे पक्षी वाढतात की घटतात, हे आकड्यांनी सांगायचं, असं तिचं तीन वर्षांच्या कराराचं काम होतं. सोमवारी मुंबईत अहवाल मांडायचा होता, आणि तिला पुढे ठेवायचं की नाही ते त्यावरच ठरणार होतं.

भिवंडीतल्या नारपोलीत तिच्या घराच्या दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग. खटखटीच्या वर आवाज चढवूनच बोलावं लागतं. चहा देताना तिची आई म्हणाली, “एवढं गणित शिकली आणि कावळे मोजते.”

सुनंदानं वही उघडली. पहिली दोन वर्षं पानं भरलेली, तिसऱ्या वर्षी जवळजवळ कोरी.

“मला हे पटत नाही, लते. एका वर्षात इतके पक्षी कुठे जातील?”

“नाल्यातलं पाणी बघ. सकाळी लाल, दुपारी निळं. न जाऊन करतील काय?”

“मला कारण हवंय. तुला मथळा हवाय.”

मी पिशवी पुन्हा मांडीवर ओढली. राग आला होता.

दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शफीकभाईंसारखे कामगार मोजणीला येऊ शकत. पहिला शुक्रवार, सकाळी सात, हा नियम सुनंदानं यंदाच केला होता. त्याआधी मोजणी कोनचे अनंताकाका ठरवत. ते होडीवाले. अवस आणि पुनव, एवढेच त्यांचे दिवस. ‘अमावास्या-पौर्णिमा पाहून शास्त्र चालत नाही. पंचांग फेकून दे,’ असं मीच सुनंदाला चार पानी पत्र लिहिलं होतं.

सातला आम्ही काठावर उभे होतो. खाडी काठोकाठ भरलेली. पक्षी एकही नाही.

“बहनजी, पंछी भी छुट्टी पे गए क्या?” शफीकभाई म्हणाले.

सुनंदानं वहीत शून्य लिहिलं. मला मात्र, आज सांगायला लाज वाटते, समाधान वाटलं. मथळा खरा ठरत होता.

अनंताकाका होडी बांधून आमच्याकडे बघत होते. “पानी भरलंय तवा पाखरू बसंल कुठं, बाय? तुमच्या डोक्यावर?”

“मग कधी बसतं?” सुनंदानं विचारलं.

“चिखल उघडला का. आज अष्टमी हाय. सकालची भरती, दुपारची ओहोटी. अवस-पुनवेला सकालीच पानी उतरतं, म्हून मी तवा यायचो.”

“काका, हे आधी का नाही सांगितलंत?”

“इचारलं कुनी? तुमी म्हनालाव, पंचांग न्हाय चालनार.”

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं बरं झालं.

दुपारपर्यंत काकांच्या घरी थांबलो. काकींनी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या लहान माशांचं) कालवण वाढलं. सुनंदा जेवता जेवता भिंतीवरच्या कॅलेंडरवर यंदाचे मोजणीचे शुक्रवार शोधत होती. तिन्ही अष्टमीच्या आगेमागे.

“म्हणजे सगळे भरतीतले,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. सोमवारी हेच सांगितलं तर ठेवतील का मला?”

काकींनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

एकच्या सुमारास पुन्हा काठावर गेलो. पाणी उतरून करड्या चिखलाचा पट्टा उघडला होता, आणि त्यावर लांब लाल पायांचे शेकाटे, शेपूट हलवणारे तुतवार, मागून अजून उतरणारे थवे. मी पुढे धावले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एक चप्पल चिखलातच राहिली.

“हलू नकोस, उडतील,” सुनंदा ओरडली. मग रडता रडता मोजायला लागली. शफीकभाई लिहीत होते. दोन पानं भरली.

परतताना मी अनवाणीच कल्याणच्या छापखान्यात गेले.

“खिळे सोडवा,” मी म्हटलं.

“दोन दिवसांची जुळणी आहे, ताई. काय चुकलं?”

“मथळा.”

नाल्यातल्या पाण्याचा परिच्छेद मी ठेवला. तो माझ्या डोळ्यांनी पाहिलेला होता. त्याला मेलेल्या पक्ष्यांचा आधार नको होता. पक्षी जिवंत आहेत याचा मला इतका आनंद होईल, असं निघताना कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही पत्रक दिलं असतं.

महिन्याभरानं सुनंदाचं कार्ड आलं. सोमवारी तिनं चुकीपासूनच सुरुवात केली होती. तिला आणखी दोन वर्षं मिळाली, आणि काकांना मोजणीच्या कामावर रीतसर घेतलं. खाली माझ्यासाठी एक ओळ होती: चप्पल सापडली, पण तिच्यात आता निवट्या राहतात.

कार्डावर तारीख नव्हती. त्या जागी लिहिलं होतं: पुनव, सकाळ, ओहोटी.