रंगवलेली पेटी

त्याचं नाव मी विचारलं नाही, याची आज चुटपुट लागते.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मला तिथल्या कचेरीत नोकरी लागली. दुष्काळात गावची विहीर आटली, म्हणून दादांना, माझ्या वडिलांना, मी लातुरात आणलं. ते आले ते आपल्या मधमाश्यांची कुजकी पेटी सोबत घेऊनच. मी हौसेनं नवी पेटी करून आतून-बाहेरून हिरवीगार रंगवली आणि जुन्या पेटीतल्या माश्या तीत हलवायला रेणापूरकडच्या ह्या मधमाश्या पाळणाऱ्या माणसाला बोलावलं.

त्यानं पेटी नाकाशी धरून तोंड वाकडं केलं. "सायेब, न्हाणीघर रंगवलंय का काय? ह्या वासानं एक माशी थांबायची न्हाई."

मग तासभर तो चाकूनं आतला रंग खरवडत बसला. जुनं मेण लाकडाला चोळलं. जुन्या पोळ्याचे तुकडे केळीच्या सोपटाच्या दोरीनं नव्या चौकटींना बांधले, पोरीची वेणी बांधावी इतक्या हलक्या हातानं. शेवटी जुन्या पेटीची कुजकी फळीही आत सरकवली.

"आता ही घाण कशाला?" मी वैतागलो.

"जुन्या घरातलं कायतरी संगं द्यावं लागतंय. मंग राहतेत."

दादा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांच्यासाठी मी नवी लोखंडी कॉट घेतली होती. महिनाभर ते जमिनीवरच झोपत होते.

पुढच्या रविवारी मी गावाकडून त्यांची सैल पडलेली सुंभाची बाज एसटीच्या टपावर टाकून आणली. दादांनी ती माश्यांनी गजबजलेल्या पेटीशेजारी टाकली आणि भर दुपारी घोरायला लागले.