जाळीतला गाळ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. दादापाशी नाही, वहिनीपाशी नाही, शाळेत वीस-बावीस वर्षं जिच्याशेजारी बसून डबा खाल्ला त्या मैत्रिणीपाशीही नाही. तुम्हांला का सांगते आहे? ठाऊक नाही. सांगते आहे, एवढंच.

गोष्ट मोटारीच्या तेलाची आहे. हसू आलं ना? मलाही ती आधी तेवढीच वाटली होती.

पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. माझे थोरले बंधू कल्याणात डॉक्टर होते. मी बी.एस्सी. होऊन ठाण्याला मुलींच्या शाळेत रसायन शिकवायची, राहायची दादाकडेच. मायदेशी परत चाललेल्या एका परदेशी इंजिनियरकडून दादानं त्याची जुनी गाडी घेतली. इंजिन मागच्या बाजूला, आणि त्यात पाणी घालायची सोयच नाही! मला याचं केवढं नवल. इतरांच्या गाड्या चढावर वाफ सोडत उभ्या राहायच्या, ही मात्र नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायची. वाऱ्यावर आणि तेलावर.

हे ‘आणि तेलावर’ मला शिकवलं दत्तारामनं. दत्ताराम आमचा ड्रायव्हर — राजापूरकडचा, चाळिशीतला, चौथी शिकलेला, अबोल. पण इंजिनाचं काही विचारलं की हातातलं काम थांबवून नीट सांगायचा. मी विचारायचेही फार. उन्हाळ्यात चाळीस नंबरचं तेल का, पावसाळ्यात तीसचं का? घट्ट तेल सकाळी सगळीकडे पोचायला वेळ लावतं, पातळ तेल तापलं की पाण्यासारखं होतं — तो अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून दाखवायचा. तेल बदलताना, इंजिनात तेल जिच्यातून गाळून चढतं ती तळाची जाळी काढायचा, रॉकेलनं धुवायचा आणि उजेडाकडे धरून मला म्हणायचा, “बघा ताई, पलीकडचं दिसतंय ना?”

दर वेळी दाखवायचा. हे लक्षात ठेवा.

शाळेत एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात एकदा नव्या प्रकारच्या तेलाबद्दल आलं होतं. त्यात साबणासारखं काहीसं द्रव्य असतं, ते इंजिनातला मळ सोडवतं आणि तरंगत ठेवतं. तेलानं धुणं! मी दोनदा वाचलं आणि घरी येताच दत्तारामला सांगितलं. 

“नव्या इंजिनाला बरं असेल,” तो म्हणाला. “आपलं जुनं आहे, ताई. आतला मळ बसलाय तिथं बसू दे. सुटला तर जाईल कुठं?”

 रसायन शिकवणाऱ्या बाईला उत्तर आलं नाही — आणि मग मला चैन पडेना. खरंच, जाईल कुठं? एकदम सुटेल की हळूहळू?

शिमग्याला दत्ताराम आठ दिवस गावी गेला. दादाला गाडी चालवता येत नसे, तो टांग्यानं जायचा. मी ठाण्याहून त्या तेलाचा डबा आणला, पिशवीत, वह्यांच्या खाली. दुपारी घर निजलेलं असताना पदर खोचून गाडीखाली शिरले. अर्धंच जुनं तेल काढलं आणि तेवढंच नवं भरलं. अर्धंच का? रंग काळा राहावा म्हणून. दत्तारामला कळू नये म्हणून. म्हणजे लपवायचं हे माझं आधीच ठरलं होतं, नाही का?

तो परतला तेव्हा त्यानं नेहमीसारखी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. मग ती नाकाशी नेली.

“वास वेगळा येतोय. कुणी हात लावलाय का, ताई?”

“नाही,” मी म्हणाले.

पुढे पंधरा-वीस दिवस गाडी उत्तम चालली. मी रोज कान देऊन ऐकायचे. आवाज मऊ झालाय का? मला तर झाल्यासारखा वाटायचा.

मग दादाला कुठल्याशा मारामारीच्या खटल्यात साक्षीला ठाण्याच्या कोर्टात जायचं होतं. शाळेसाठी मीही बरोबर निघाले. शीळ गाव मागे टाकून मुंब्र्याच्या अलीकडे आलो आणि समोरच्या फळीवरचा तेलाच्या इशाऱ्याचा दिवा लागला. दत्तारामनं तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, उतरून पट्टी पाहिली. तेल बरोबर खुणेवर. तो चक्रावला. अर्धा तास इंजिन निवू दिलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा दिवा विझलेला होता, म्हणून निघालो. मैलभर गेलो असू — मागून ठोके यायला लागले, त्यानं गाडी बाजूला घेतली, तोवर एक कर्कश आवाज झाला आणि इंजिन जाम. दादा दगडांच्या ट्रकमधून कोर्टात गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ठाण्याच्या गॅरेजात गेले. दादा आणि दत्ताराम तिथे होतेच. मिस्त्रीनं इंजिन खोलून जाळी काढली. काळ्या, लोण्यासारख्या गाळानं ती पुरती बुजलेली.

इथे मला थांबावंसं वाटतं — कारण आता जे सांगायचं ते खोट्यापेक्षाही वाईट आहे. तो गाळ पाहिल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद झाला. उत्तर मिळालं होतं! मळ सुटला होता, एकदम सुटला होता, आणि गेला होता तो इथे. मी पुढे होऊन त्याला बोट लावलं. दत्ताराम शेजारी उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मी बोटावरचा गाळ न्याहाळत होते.

मिस्त्री म्हणाला, “ही कधी धुतलीच नाही वाटतं.”

दादानं दत्तारामकडे पाहिलं.

“दर वेळी धुतो, साहेब,” दत्ताराम म्हणाला. “ताईंना विचारा. त्यांनी पाहिलंय.”

दादा माझ्याकडे वळला. एक ‘हो’ पुरला असता. तेलाचं तर सांगायचीही गरज नव्हती, नुसतं ‘हो’. पण ‘हो’ म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता — मग हा गाळ आला कुठून? त्या प्रश्नाला मी भ्याले.

“मी काही दर वेळी तिथे नसते,” मी म्हणाले.

 दत्तारामनं खिशातून गाडीची किल्ली काढून मिस्त्रीच्या टेबलावर ठेवली. त्याच संध्याकाळी दादानं त्याला कामावरून काढलं. मागाहून कळलं, कल्याणातले दुसरे एक डॉक्टर त्याला ठेवणार होते, पण दादाकडे चौकशी करून गेले आणि त्यांनी ठेवलं नाही.

तीनेक वर्षांनी तो मला ठाणे स्टेशनाबाहेर भेटला. मुंब्र्याच्या खाणीवरचा दगडांचा ट्रक चालवत होता. वाळला होता. मी नजर चुकवणार तोच त्यानंच हाक मारली, दादाची, वहिनीची खुशाली विचारली. मग जरा घुटमळला.

“ताई, एक विचारू? तुम्ही शिकलेल्या आहात. जाळी मी शिमग्याच्या आधीच धुतली होती. मग एवढा गाळ एकदम सुटला कसा? लई विचार केला. अजून उलगडत नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं — मी जशी त्याला विचारायचे, तसंच तो विचारत होता. उत्तर ठाऊक असलेलं माणूस त्याच्यासमोर उभं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि तो ट्रककडे गेला. त्यानंतर तो मला दिसला नाही. मी त्याला शोधलंही नाही.