सारख्या पाच गाड्या

पत्र्याच्या कामात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे मिस्त्रीलाही पक्कं ठाऊक होतं. तो सिनेमांसाठी गाड्या बांधायचा. या सिनेमात पैसा पाण्यासारखा वाहत होता. नायकाची काळी गाडी एकच, पण मिस्त्रीनं बांधल्या पाच. चार नुसत्या दिसायला, पातळ पत्र्याच्या. पाचवी स्टंटमधल्या उडीची. तिच्या छपरात आणि दारांच्या खांबांत त्यानं जाड पोलादी नळ्या घातल्या आणि वरून कापड चढवलं, कारण कॅमेऱ्याला आतलं काही दिसता कामा नये.

उडी मारणार होता त्याचाच धाकटा भाऊ. आईला धाकट्याचं हे काम मुळीच पसंत नव्हतं. थोरल्यानं बांधलेली गाडी आहे, एवढ्या एका भरवशावर ती गप्प बसायची.

सरावात उडीच्या गाडीचं मडगार्ड भिंतीला घासलं आणि लांब ओरखडा उठला. मिस्त्रीला ते बरंच वाटलं. आठवडाभर तो त्या ओरखड्यावरूनच ती गाडी ओळखत होता. पण सेटवर एक फोटोवाली बाई होती. मागच्या शॉटमधलं बटण, काचेवरची धूळ, सगळं पुढच्या शॉटमध्ये तस्संच आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघणं तिचं काम. तिच्या फोटोत ओरखडा आला होता.

"मिस्त्री, पाचही गाड्यांवर हा हवा. नाहीतर लोक हसतील."

या मंडळींना मरणाची भीती वाटत नाही, हसण्याची मात्र फार वाटते.

मिस्त्रीनं संध्याकाळपर्यंत बसून चारही गाड्यांवर ओरखडा उठवला. वळण तेच, टोकाला उडालेला टवकाही तोच. धाकटा चहा पीत बघत होता.

"दादा, असंच चाललं तर उद्या तू वहिनीलाही ओळखायचा नाहीस."

दोघंही हसले.

सकाळी गाड्या ओळीनं उभ्या होत्या. दिग्दर्शक उन्हाकडे बघून सगळ्यांच्या मागे लागला होता. धाकट्यानं हेल्मेट चढवत विचारलं, "माझी कुठली रे?"

मिस्त्रीला समोरच्या गाडीवर ओरखडा दिसला. "ही," तो म्हणाला. डोळ्यांना सवय लागली होती. खांबावर नुसती टिचकी मारली असती तरी आवाजानं कळलं असतं. नाही मारली. आपल्याच कारागिरीला तो स्वतः फसला.

गाडी उडाली, सुरेख उडाली. चाकं टेकली, मग ती कलंडली आणि छप्पर आत गेलं. नळ्या घातलेली गाडी ओळीत तशीच उभी होती. धाकट्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

चौकशीत मिस्त्रीनं खरं ते सांगितलं. कंपनीनं अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. आईसमोर मात्र त्याची जीभ उचलली नाही. ब्रेक निकामी झाला, असं तो म्हणाला, आणि तिनं विश्वास ठेवला.

सिनेमा तुफान चालला. चुका शोधणारी पोरं मोबाइलवर तुटून पडली. नायकाचं घड्याळ हात बदलतं, जखम गाल बदलते. गाडीत कुणाला एक चूक सापडली नाही. पोराचं शेवटचं काम बघायचंय म्हणून आईनं हट्ट धरला, तेव्हा मिस्त्री तिला घेऊन गेला.

उडी आली. गाडी हवेत गेली, चाकं टेकली आणि पुढच्याच क्षणी धूळ उडवत निघाली.

"अरे, हा तर सुखरूप गेला," आई कुजबुजली. "ब्रेकला कुठं काय झालंय?"

"ती दुसरी गाडी आहे, आई."

"तीच तर आहे. मी बघतेय ना."

आता खोटं बोलायची ताकद मिस्त्रीत उरली नव्हती. "सारख्या दिसाव्यात म्हणून मीच तशा केल्या. मग मलाच ओळखू आली नाही. मजबूत गाडी बाजूला राहिली आणि मी त्याला पातळ पत्र्याच्या गाडीत बसवलं."

आईनं पडद्यावरची नजर हलवली नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग पदर सावरून उठली.

"मला घरी सोड," ती म्हणाली. "दारापर्यंतच. आत येऊ नकोस."