रिकाम्या बसमधला रुमाल

पेट्रोल कडाडलं तेव्हा आमच्या गावच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नसायची. मी खिडकीतून रुमाल टाकून शेजारच्या सरांसाठी जागा धरायचो. मग गाव येईपर्यंत आम्ही दोघं सरकारला शिव्या घालायचो.

पेट्रोल जरा उतरलं आणि सगळे आपापल्या मोटारसायकलींवर परतले. सरसुद्धा.

आज सवयीनं शेजारी रुमाल ठेवला. कंडक्टर ताई हसल्या. "अरे, अख्खी गाडी तुझीच आहे. कुणासाठी धरतोस?" मग हळूच म्हणाल्या, "अशीच रिकामी धावली तर ही फेरी बंद होणार. तू कसा येशील रे?"

लोकांना लोकांची गाडी फक्त खिशाला चटका बसल्यावरच आठवावी?

बाहेरून सर हात करून पुढे निघून गेले. मीही हात केला. रुमाल मात्र उचलवला नाही.