माझ्या मोठ्या आवाजाचं काम

भावाबहिणींनो, तीन महिने माझी एकच प्रार्थना चालू होती, "प्रभू, माझ्यासाठी तुझी काय योजना हाय ते दाखव."

मी आमच्या युसूफवडगाव गावच्या बाजारात कांदे विकतो. ओरडून ओरडून आवाज असा झालाय की चर्चच्या गायनमंडळातल्या ताईंनी हात जोडले, "दादा, तुमी नुसते ओठ हलवा."

आज उपासनेत लाईट गेली, माइक बंद. पाळकसाहेबांचा घसा बसलेला. त्यांनी बायबल माझ्या हातात दिलं. मी कांदे विकतो त्याच आवाजात वचन वाचलं. पुढच्या रांगेतले कानावर हात ठेवून हसत होते.

उपासना संपल्यावर मागं भिंतीला टेकून बसणाऱ्या सुलोचनाआजी काठी टेकत आल्या. "लई वर्षांनी वचन ऐकू आलं रे लेकरा. एरवी सगळे उठले की मी उठते, बसले की बसते."

त्यांना कमी ऐकू येतं, हे आमच्यातल्या कुणाला माहीतच नव्हतं.

पुढच्या रविवारपासून मी गायनमंडळ सोडून आजींच्या शेजारी बसणार हाय, वचन त्यांना मोठ्यानं सांगायला. ताईंनाही बरंच वाटलं.

तुमच्या चर्चमध्ये भिंतीला टेकून कोण बसतं? कधी विचारलंय त्यांना, ऐकू येतं का म्हणून?