साडू ठरवतील ती यत्ता

आमच्या साडूंसमोर आजवर एकही माणूस आपल्या यत्तेत टिकलेला नाही. ते आमच्याच गावच्या, राजूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात, आणि निम्मं जग चुकीच्या वर्गात बसलंय या काळजीने त्यांना अन्न गोड लागत नाही. गणिताच्या तासाची घंटा झाली की त्यांच्या शाळेत पाचवी ते आठवीची पोरं आपापले वर्ग सोडून उठतात आणि ज्याला जेवढं येतं त्या खोलीत जाऊन बसतात. कोण कुठे, हे साडू ठरवतात. त्यासाठी ते पेपर घेत नाहीत, पोराच्या बोटांकडे बघतात. एका लग्नात त्यांनी वाढप्यालाच विचारलं, "बत्तीस पानं, दोन-दोन जिलब्या, परातीत पन्नास. किती कमी पडतील?" तो बोटं मोजायला लागला, आणि मठ्ठा येईपर्यंत साडूंनी त्याला चौथीत उतरवून टाकलं होतं. सासऱ्यांना त्यांनी सहावीत ठेवलंय. सासरे तेव्हापासून त्यांच्याशी मोजकंच बोलतात.

हे सगळं मी हसून सांगत असे, आमच्या मयूरीची पाळी येईपर्यंत.

मयूरी साडूंच्याच शाळेत सातवीत, कायम पहिली. तिचे मार्क मी एमआयडीसीतल्या आमच्या बियाण्याच्या कारखान्यात कोणी न विचारता सांगत असतो. शाळा सुरू झाल्याबरोबर साडूंनी तिला दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज घातली. तिने झरझर अकरा छेद बारा काढलं.

"बराबर," साडू म्हणाले. "आता सांग, ही एका भाकरीपेक्षा जास्त झाली का कमी?"

"जास्त. अकरा आहेत न, काका."

साडूंनी तिची वही हळूच मिटली. संध्याकाळी निरोप आला: सोमवारपासून मयूरी गणिताला पाचवीच्या पोरांत.

"माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा," आमची ही म्हणाली, "आन् त्याला आपलीच पोर सापडली व्हय? जा, सांगून या. नुसता चहा पिऊन येऊ नका." मयूरी भांडली नाही, रडली नाही. ताटावरून उठताना एवढंच म्हणाली, "मी शाळेतच जाणार न्हाई." मी चपला पायात सरकवल्या.

वाटेत मी चांगलं खणखणीत भाषण तयार केलं. साडूंनी ते दारातच अडवलं.

"साडूभाऊ, पाऊणला अर्ध्यानं भागा."

"तीन अष्टमांश," मी ताठ मानेने म्हणालो.

"पाऊण भाकरीत अर्धी भाकर किती बार बसते?"

"एकदा. वर पाव उरते."

"मंग उत्तर एकाच्या खाली कसं गेलं?"

मी चहा प्यायलो.

"तुमाला दरसाल वर ढकललं," साडू म्हणाले. "कुठं अडलं, कोणी इचारलं न्हाई. पोरीचं बी तेच होऊन राह्यलंय. पुढं अडकली की म्हणंल, गणित आपल्याला येतच न्हाई. जन्मभर म्हणंल." मग त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "पण सोमवारी ती आलीच न्हाई तर? मला जेवण जाऊन न्हाई राह्यलं, साडूभाऊ."

घरी मी काय सांगितलं ते न सांगितलेलं बरं. सोमवारी मात्र मयूरी दप्तर घेऊन मुकाट निघाली. मी कारखान्यात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि शाळेच्या कुंपणाबाहेर मोटारसायकल लावून उभा राहिलो. घंटा झाली. पोरं भराभर आपापल्या खोल्यांत गेली. व्हरांड्यात एकटी मयूरी उरली, वही छातीशी धरून. पाचवीच्या दारात साडू उभे होते. एरवी जिलब्या वाढणाऱ्यालाही न सोडणारा हा माणूस, पण त्यांनी तिला हाक मारली नाही. हातातला खडू नुसता फिरवत राहिले. ती फाटकाकडे वळली असती तर मीही तिला अडवलं नसतं, गाडीवर बसवून घरी नेलं असतं.

आतून एका चिमुरडीचा आवाज आला, "ताई, इथं बस न, जागा हाय." सतरंजीवर कोणीतरी सरकल्यासारखं वाटलं. मयूरी आत गेली.

साडू फळ्याकडे वळले. फळा कोराच होता, तरी पोरांकडे पाठ करून ते तो पुसत राहिलेले मला दारातून दिसले. मलाही गाडी सुरू करायचं सुचलं नाही.