अख्खे वळणारे सर

आमचे सर मान वळवत नसत, अख्खे वळत. वर्गात डावीकडून कोणी काही विचारलं की आधी त्यांची पावलं हलायची. मग कंबर, खांदे आणि चेहरा एकदमच विचारणाऱ्यासमोर यायचा, एखादं कपाट सरकवून ठेवावं तसा. पोरांनी त्यांचं नाव ‘यू-टर्न सर’ ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी रिव्हर्समधल्या गाडीचा आवाज काढला. सर सावकाश पूर्ण वळले आणि म्हणाले, “हॉर्न भी दिया कर, भैया. पीछे का दिखता नहीं मुझे.”

फळ्याच्या चौकटीला त्यांनी मोटारसायकलचा आरसा बसवून घेतला होता. लिहिता लिहिता त्यांना त्यात वर्ग दिसायचा. नव्या पोरांना पहिल्याच तासाला एक नियम सांगितला जाई : सरांना मागून हाक मारायची नाही, काम असेल तर पुढे येऊन उभं राहायचं. मला आधी तो मोठेपणा वाटला. मी रांझीचा, शहराच्या टोकाच्या कामगार वस्तीतला. वडील फॅक्टरीत कामगार, आणि कॉलेजात पाऊल टाकणारा घरातला मी पहिलाच. प्राध्यापक असेच असत असतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या पाठीचे आणि मानेचे मणके एकमेकांना जुळून त्यांचा एकच दांडा झाला आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

ते आम्हाला शरीराची प्रतिकारशक्ती शिकवत. वर्गात हिंदी आणि इंग्रजी चाले, पण मी घरी मराठी बोलतो हे कळल्यापासून व्हरांड्यात ते माझ्याशी मराठीत बोलू लागले. मला धडा कळला नव्हता, तेव्हा त्यांनी असं समजावलं : “फॅक्टरीच्या गेटवर पहारा असते नं? पहारेकरी झोपला तर चोर शिरतो, हे कोणालाही समजते. पण पहारेकरी जागाच आहे, अन् रोज येणाऱ्या तुझ्या बाबांनाच चोर समजून झोडपून राहिला, तर? पहारा चालू अन् फॅक्टरी बंद.” हे ते स्वतःच्या पाठीबद्दल सांगत होते, पण तसं म्हणाले नाहीत.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. “आग लागली होती एका खोलीत, घर गेलं बंबाच्या पाण्यात.” क्षयरोगात फुप्फुसाला भोकं पडतात, ती काही एकटे जंतू पाडत नाहीत. त्यांना कोंडून ठेवायच्या झटापटीत शरीरच आपलं फुप्फुस पोखरतं. हे शिकवताना ते वाक्य हमखास यायचं. करोनाचा धडा मात्र त्यांनी एकदा अर्ध्यावर सोडला. शेजारच्या वर्गात रसायन शिकवणारे त्यांचे मित्र त्या साथीत गेले होते. “विषाणू उतरणीला लागला होता,” सर हिंदीत म्हणाले, “पण शरीराला आता बस म्हणून कोणी सांगितलंच नाही.” मग त्यांनी डस्टर उचलला आणि नुसताच फळा पुसत राहिले. आरशात त्यांचा चेहरा आम्हाला दिसत होता, हे बहुतेक त्यांच्या लक्षात आलं नाही.

दीक्षितपुऱ्यात ते आणि काकू पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत. आजारी माणूस म्हटला की गल्लीतलं कोणी ना कोणी गुळवेलीचा काढा घेऊन यायचंच. इम्युनिटी वाढेल, म्हणायचं. सर हात जोडून म्हणत, “माझी आधीच जास्त आहे, वहिनी. थोडी तुम्हीच घेऊन जा.” काकू आतून म्हणायच्या, “यांची जीभ तेवढी जखडायची राहिली.” असं त्या घरात हसणं चाले. पण एकदा काकू बाजारात गेल्या असताना सर मला म्हणाले, “सकाळी कंबर धरायला लागली तेव्हा मी तरुण होतो. वात आहे, पडून राहा, म्हणाले सगळे. मी राहिलो. या दुखण्याला चालतं ठेवा लागते, हे समजेपर्यंत हाडं जुळली होती. आयुष्यातली सगळ्यात महागाची चूक मी झोपून केली रे.” नव्या इंजेक्शनांचं मी विचारलं, तर म्हणाले, “आता पहारेकऱ्याला शांत करून काय फायदा? त्यानं भिंत बांधून टाकली.”

माझा मोठा भाऊ, दादा, फौजेच्या भरतीची तयारी करत होता. सकाळी मैदानावर धावायचा. त्या हिवाळ्यात एके दिवशी मला वर्गात यायला उशीर झाला. सरांनी कारण विचारलं तेव्हा मी सहज सांगितलं, की दादाची कंबर सकाळी धरते, त्याला आधार देऊन उठवावं लागलं.

सर अख्खे माझ्याकडे वळले. “सकाळीच? अन् धावला की मोकळी होते?”

“हो, सर.”

“पहाटे दुखण्याने जाग येते?”

“येते.”

ते खुर्चीवर बसले. सांधेदुखीच्या डॉक्टरला दाखव, आजच, एवढंच म्हणाले.

घरी आईचं म्हणणं होतं की धावणं बंद कर, झोपून राहा. दादाला डॉक्टरही नको होता आणि झोपून राहणंही. “कागदावर दुखण्याचं नाव पडलं की भरती गेली,” तो म्हणाला. “अन् तुझ्या सरांना जो तो आपल्यासारखाच वाकडा दिसून राहिला काय?” मी हे सरांना सांगितलं नाही. नुसतं ‘ऐकत नाही’ म्हणालो.

दुसऱ्या रविवारी सकाळीच सर आमच्या दारात उभे. दीक्षितपुऱ्याहून रांझीपर्यंत बसने आले होते. बसच्या हिसक्यांनी त्यांना काय होतं ते मला ठाऊक होतं. बाबा गडबडीने शर्ट घालायला आत गेले. आईने चहा दिला. सरांना मान मागे टाकता येत नसे, त्यामुळे शेवटचा घोट नेहमी कपातच राही. आई माझ्या कानात म्हणाली, “चहा आवडला नाही वाटते.” दादा तेवढ्यात भिंत धरत बाहेर आला. सरांनी त्याचं चालणं पाहून घेतलं.

“मागे पाहा,” सर म्हणाले.

“काहून?”

“पाहा तर.”

दादाने मान वळवून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि वैतागून पुन्हा समोर पाहिलं.

“मी पण असंच पाहत होतो,” सर म्हणाले. “कोण्या एका दिवशी मी शेवटचं मागे पाहिलं असेल. तो दिवस कोणता, मला माहीत नाही. हे शेवटचं आहे, नीट पाहून घे, असं मला कोणी सांगितलं नाही.”

मग दादाने विचारलं, “अन् भरती?”

“भरती जाईल, बेटा. ते खोटं नाही सांगणार मी.”

दादा तपासणीला गेला. सरांचा अंदाज खरा निघाला. औषधं सुरू झाली, रोजचा व्यायाम सुरू झाला, काही महिन्यांनी सकाळी भिंत धरणं थांबलं. भरती मात्र गेली. ज्या दिवशी त्याच्यासोबत धावणारी पोरं ट्रेनिंगला निघाली, त्या दिवशी त्याने धावायचे बूट कोणाला तरी देऊन टाकले. पुढे तो कांचघर भागात एका दुचाकीच्या शोरूममध्ये लागला. घरात सरांचं नाव निघालं की तो उठून जायचा.

सर मला भेटले की एकच शब्द विचारत. “मान?”

“फिरते, सर.”

“त्याला म्हण, येऊन दाखव.”

मी हा निरोप कितीदा दिला असेल. “ज्यानं भरती घालवली त्याला मान दाखवायला जाऊ?” दादा म्हणायचा. पुढे पुढे तो असं म्हणेनासा झाला. एकदा सणाला म्हणाला, जाऊ या एखाद्या रविवारी. तो रविवार आला नाही. मला वाटतं त्याचा राग कधीच गेला होता, आता त्याला लाज वाटत होती. पण हे माझं वाटणं आहे, मी त्याला कधी विचारलं नाही.

या हिवाळ्यात सर घराच्या ओल्या जिन्यावर पाय घसरून पडले. तशी पाठ वाकत नाही, मोडते. दवाखान्यात फार दिवस काढले नाहीत, तिथेच गेले. मी शोरूममध्ये फोन केला तेव्हा दादाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. पण आम्ही नर्मदेच्या घाटावर पोचलो तेव्हा तो आधीच तिथे उभा होता, शोरूमच्या गणवेशातच. घाट उतरताना सरांना खांदा देणाऱ्यांत तोही होता.

अग्नी दिल्यावर सगळे परतायला लागले. सरांच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ पुढे होते, ते म्हणाले, “चलो. आता कोणी मागे पाहू नका.” आमच्यात तसा रिवाज आहे. सगळे खाली माना घालून पायऱ्या चढू लागले. मीही.

दोन-तीन पायऱ्यांवर दादा थांबला. पावलं पुढेच, खांदे पुढेच. फक्त मान वळवून त्याने मागे पाहिलं, अगदी खांद्यापर्यंत हनुवटी नेऊन, आणि पाहत राहिला.

“बेटा, मागे पाहू नये,” ते गृहस्थ हळूच म्हणाले.

“येऊन दाखव म्हणाले होते,” दादा म्हणाला.